भाऊंचं अळणी पान

भाऊंच्या हृदयाची बातमी आमच्या घरात पोचली तेव्हा ठाण्याच्या टेंभी नाक्यावर ती शिळी झाली होती. आई जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेली होती. तिथल्या भाजीवालीनं वांग्यांवर कोथिंबिरीची अख्खी जुडी ठेवली आणि पैसे नकोत म्हणाली. "भाऊंना जपा आता, वहिनी," एवढंच ती बोलली. फुकटची कोथिंबीर हे आईला मोठ्या संकटाचं चिन्ह वाटलं, आणि तिचं फारसं चुकलं नाही. पिशवी घेऊन ती जवळजवळ धावत घरी आली. माझे वडील, म्हणजे भाऊ, खिडकीत वर्तमानपत्र वाचत होते. निदान समोर धरून होते.

"तुम्हाला काय झालंय?" आईनं दारातूनच विचारलं.

"मला काही झालेलं नाही," भाऊ म्हणाले. "यंत्र बिघडलंय."

यंत्राची हकिगत अशी. आमच्या चाळीचे मालक काळुराम पाटील खालच्या मजल्यावर राहत. देह अवाढव्य, जेवणात तूप सढळ, आणि दोन पायऱ्या चढले की धाप. त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, त्यांच्यामागे टुमणं लावलं होतं की नाक्यावरच्या नव्या डॉक्टर समेळांनी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलंय, तिथं एकदा जाऊन या. काळुरामनी उभ्या आयुष्यात शेतातले साप हातानं धरले होते. पण हाताला फडकं बांधून त्यात हवा भरतात हे ऐकून त्यांचं अवसान गेलं. एखादा शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून त्यांनी भाऊंना नेलं. भाऊंनी शिकलेल्या माणसाचं कर्तव्य केलं. बाही वर सारली, हात पुढे केला आणि म्हणाले, "आधी माझा घ्या, डॉक्टर. पाहा पाटील, काही दुखत नाही."

दुखलं खरंच नाही. पण पारा वर चढला आणि जिथं उतरायला हवा होता तिथं उतरेना. डॉक्टरांनी पुन्हा हवा भरली. मग दुसरा हात घेतला. त्यानंतर काळुरामचा मोजला, तो एखाद्या तालमीतल्या पोरासारखा निघाला. भाऊ म्हणाले, आपण चालत आलो म्हणून वाढला असेल. डॉक्टर म्हणाले, पाटीलही चालतच आलेत. मग भाऊंनी यंत्र कुठल्या कंपनीचं आहे याची चौकशी केली.

परतताना काळुरामनी नाक्यावर भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "मी बरा हाय, पन आमचं भाऊ काय बरं नाय." त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. सुटलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, इतकंच.

डॉक्टरांनी भाऊंना आणखी एक प्रश्न विचारला होता. वडील कशानं गेले? आमच्या घराण्यात या प्रश्नाचं उत्तर अभिमानानं देत. आजोबा एका लग्नात फेटा बांधता बांधता गेले. कल्याणचे थोरले काका जेवण करून झोपाळ्यावर बसले, सुपारी कातरली, आणि ती तोंडात टाकण्याआधीच गेले. दोघेही एक दिवससुद्धा आजारी पडले नव्हते. टिपणिसांचं मरण कसं सुखाचं, असं नातेवाईक हेव्यानं म्हणत. डॉक्टर समेळांनी हे ऐकून चष्मा काढला आणि सांगितलं, यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड आहे. नळ्या ताठ होतात, पंपाला जोर लावावा लागतो, आणि पंप कुरकुर न करता एके दिवशी थांबतो. तुमच्या घरात तो थांबण्याचं वय ठरलेलं दिसतंय.

त्या वयाला भाऊ नुकतेच लागले होते.

हे भाऊंनी चेष्टेच्या सुरात सांगितलं. आई हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, मग स्टूल ओढल्याचा आला. मी डोकावले तर ती मिठाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवत होती. चेहरा धुतलेला होता. "तुझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांच्या पुढे न्यायचंय," ती मला म्हणाली, जणू एखाद्याला नदीपलीकडे सोडून यायचं आहे. आमच्या घरातल्या त्या वर्षाच्या सगळ्या धुमाकुळाचं मूळ या एका वाक्यात आहे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते थोडकं होतं. मीठ बंद, तंबाखू बंद, संताप बंद, रोज संध्याकाळी सपाटीवरून चालणं, आणि सर्पगंधेच्या गोळ्या. यातली पहिली अट कोणावर घातली होती ते लक्षात घ्यायला हवं. भाऊ कोपरीच्या खाडीलगत एका शेठच्या मिठागरावर हेडकारकून होते. मिठाची रास पडली की चिमूट जिभेवर ठेवून ते सांगत, हे चांगलं, हे कडवट, यात चिखल उतरलाय. मुंबईचे व्यापारी त्यांच्या जिभेवर विसंबून माल उचलत. जेवायला बसले की भाऊ आधी ताटाच्या वरच्या कडेला वाढलेल्या मिठाकडे पाहत, आणि ते कुठल्या आगरातलं हे सांगूनच भाताला हात घालत.

त्या संध्याकाळी पान वाढलं. भात, अळणी आमटी, अळणी वांगं, फुकटची कोथिंबीर. मिठाची जागा रिकामी. भाऊ पानाकडे बघत राहिले.

आमच्याकडे नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. देवाला काय कमी-जास्त लागतं ते आपण कोण ठरवणार, असं आई सांगे.

"हे नैवेद्याचं पान आहे," भाऊ म्हणाले. "मी अजून देव झालेलो नाही."

"होऊ नये म्हणूनच," आई म्हणाली आणि तिनं भातावर आमटी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. आम्ही राहत होतो त्या वरच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडं होती आणि त्यांच्यात मिळून निदान सात वैद्य होते. शेजारचे गुणाजी गिरणीत जॉबर होते आणि बॉयलर फुटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे दाबाच्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांचं म्हणणं, दाब सोडायला वाट हवी; भाऊंनी दिवसातून एकदा मोठ्यानं ओरडावं. डॉक्टरांची संतापबंदी आणि गुणाजींचं ओरडणं यांचा मेळ बसेना. तेव्हा राग नसताना ओरडावं, अशी तडजोड निघाली. भाऊंनी एकदा गॅलरीत उभं राहून ओरडून पाहिलं. खालून काळुराम धावत वर आले, त्यांना धाप लागली, आणि त्यांच्यासाठीच पाणी आणावं लागलं. तो उपचार तिथंच संपला. येऊरच्या डोंगरातून कोणीतरी अर्जुनाची साल आणून दिली. ठमाबाई सकाळी उपाशीपोटी खायला लसूण घेऊन येत आणि भाऊंनी तो गिळेपर्यंत दारातून हलत नसत. लसणाच्या वासानं मिठागरावरचे व्यापारी चार हात लांब उभे राहू लागले. भाऊंच्या मते यामुळे सौदे लवकर आटपत.

संतापाचं प्रकरण सगळ्यात अवघड होतं. मुंबई कोणाची, हा वाद तेव्हा पेटलेला होता आणि वर्तमानपत्र वाचून न चिडणारा मराठी माणूस ठाण्यात शोधून सापडला नसता. आईनं ठरवलं, पेपर मी मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि चिडण्यासारखं असेल ते गाळायचं. पहिल्या दिवशी मी राजकारण गाळलं. दुसऱ्या दिवशी बाजारभाव गाळावे लागले. हवामान राहिलं होतं, पण अवेळी पावसाचा अंदाज आला आणि मिठागरवाल्याला याहून वाईट बातमी असू शकत नाही, म्हणून तेही गेलं. शेवटी मी हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती वाचत असे. भाऊ डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाले, "मंदे, देशात फार शांतता आहे. मला काळजी वाटते."

रोज सकाळी खालच्या नळावरून पाणी वर आणायचं काम भाऊंचं होतं. ते त्यांच्याकडून काढून घेतलं. माझी मॅट्रिकची परीक्षा होती, मला कशाला हात लावू देत नसत. हंडे आई आणू लागली. जिन्याच्या वळणावर ती थोडी टेके. "या चाळीच्या पायऱ्या वाढल्यात का गं?" एकदा तिनं मला विचारलं. आम्ही दोघी हसलो होतो. संध्याकाळी भाऊ मासुंदा तळ्याच्या काठानं फेरी मारून येत. आई बरोबर जात नसे, कारण तेव्हा तिला दोन स्वयंपाक करायचे असत, एक अळणी आणि एक आमचा.

मग एके दुपारी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पानात चिमूटभर मीठ नाही, आणि हे गृहस्थ दिवसभर मिठाच्या राशी चाखत हिंडतात. तिनं डॉक्टर समेळांकडून दाखला आणला: सदर इसमाने मीठ जिभेवर ठेवू नये. भाऊंनी तो खिशात घालून दडवला असता, म्हणून आई स्वतः कोपरीला गेली आणि मुनीम पोपटलालच्या हातात दिला. पोपटलाल सभ्य माणूस होता. त्यानं दाखला दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, मग हे आगरावर करणार काय?"

कागद शेठच्या मुंबईच्या पेढीवर गेला. पेढीनं उलट विचारणा केली की हेडकारकून आजवर जे मीठ चाखत आले ते तुटीत दाखवलं होतं का, नसल्यास का नाही. भाऊंनी लेखी उत्तर दिलं की चाखलेलं मीठ वजन करण्याइतकं नसतं. त्यावर पेढीचं म्हणणं आलं, इतकं थोडं असेल तर प्रकृतीला अपाय कसा होतो? हे पत्र भाऊंना फार आवडलं. ते त्यांनी आईला वाचून दाखवलं. पेढीत विचार करणारी माणसं आहेत, असंही म्हणाले. आई पुन्हा कोपरीला गेली.

अखेर ठरलं ते असं. भाऊंनी मीठ चाखावं, लगेच थुंकावं आणि चूळ भरावी, आणि हे पोपटलालच्या समोर करावं. टोपल्या वाहणाऱ्या बायका काम थांबवून हा सोहळा बघत. त्यातली एक म्हणाली, "काय भाऊ, आमचं मीठ इतकं वंगाल झालं का?" भाऊंनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. ठमाबाईंच्या बहिणीची सून त्या बायकांत होती, त्यामुळे सांगण्याची गरज पडली नाही.  त्या दिवशी आईनं त्यांच्या पानात जास्तीची पोळी वाढली. तिला कळत होतं की तिनं त्यांना काय करायला लावलं होतं. पण नदी अजून पार झालेली नव्हती.

उरल्या होत्या बरण्या. कैरीचं लोणचं, सांडगी मिरच्या, पोह्याचे पापड, मिठात घातलेली लिंबं, डब्यात सुकट आणि खारवलेले बोंबील. आईनं त्या माळ्यावर चढवल्या. भाऊ माळ्यावर चढले. आईनं त्या पलंगाखाली ढकलल्या. भाऊ एका रविवारी पलंगाखाली चप्पल शोधायला गेले आणि चप्पल मिळायला त्यांना बराच वेळ लागला. तेव्हा आईनं बरण्या वाटून टाकायच्या ठरवल्या. पण चाळीत एकानंही घेतल्या नाहीत. आजारी माणसाच्या तोंडचं काढून आम्ही कसं खावं, असं सगळे म्हणाले. उलट घरातल्या बाकीच्यांची आबाळ होत असेल म्हणून लोकच आणून देऊ लागले. ठमाबाई नवीन जवळा घेऊन आल्या. "त्यांना नको देऊस, तू खा," त्यांनी बजावलं. गुणाजींच्या घरून कोकणातली फणसाची साटं आली, ती गोड होती, पण त्यांच्याबरोबर मिठातली करवंदंही आली.

साठा असा वाढत गेला. अन्न टाकायचं नाही, एवढं मात्र आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नसे. माझ्या लक्षात राहिलंय ते चित्र असं: भाऊ आणि मी जेवून उठलो आहोत, आणि आई ओट्याशी बसून एकटी जेवते आहे. तिच्या पानात भात थोडा आणि कडेला ओळीनं लोणचं, पापड, मिरची, बोंबील. दोन पातेल्यांच्या गडबडीत आमच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं की उरलेली आमटीही तिथंच. भाऊंच्या भातावरचं काढून घेतलेलं तूप तेही तिथं. "संपवते एकदाचं," ती म्हणायची. बरण्या रिकाम्या झाल्याशिवाय धोका टळत नाही, हे तिचं गणित होतं.

होळी झाली आणि डॉक्टरांनी भाऊंना पुन्हा बोलावलं. आम्ही निघालो तेव्हा सगळी चाळ बरोबर निघाली. गुणाजींनी पाळी बदलून घेतली होती. काळुराम पुढे चालत होते, कारण हे प्रकरण त्यांच्यापासून सुरू झालं होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत न्यायचं ठरवलं होतं. आईनं देवीला काय नवस बोलला होता देव जाणे, पण ती चालताना ओठ हलवत होती. भाजीवालीनं लांबूनच हात जोडले.

दवाखान्यात भाऊंनी हात पुढे केला, या वेळी काही न बोलता. पारा चढला, उतरला, आणि जिथं हवा तिथं जाऊन थांबला. डॉक्टरांनी खात्री करून घेतली. मग म्हणाले, "टिपणीस, हे तुमचं कर्तृत्व नाही." आणि आईकडे पाहिलं.

बाहेर काळुरामनी ही बातमी दिली, तेव्हा नाक्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आई खुर्चीत बसली. तिला एकदम बसावंसं वाटलं. भाऊंना कित्येक महिन्यांत इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. ते पुन्हा शिकलेले गृहस्थ झाले. "तू या यंत्राला उगाच घाबरतेस," ते आईला म्हणाले. "डॉक्टर, हिचा घ्या. बघ, काही दुखत नाही."

आई नको म्हणत होती. आपल्याला काही झालेलं नाही, काही दुखतखुपत नाही, स्वयंपाक राहिलाय. तरी तिनं हात पुढे केला. डॉक्टरांनी फडकं गुंडाळलं, हवा भरली, आणि नळी कानाला लावून खाली बघत बसले. मग हवा सोडली. पुन्हा भरली. "दुसरा हात," ते म्हणाले.

"बांगड्यांमुळे असेल," आई म्हणाली आणि तिनं बांगड्या मनगटाकडे सारल्या.

भाऊंचा चेहरा मी बघत होते. पारा कुठं थांबायला हवा ते आता त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढताना दम लागतो का? पाय सुजतात का? आई भाऊंकडे बघत राहिली, परवानगी मागितल्यासारखी. मग म्हणाली, "पायऱ्या जरा वाढल्यासारख्या वाटतात."

संतापबंदी त्या क्षणी संपली. भाऊ उठून उभे राहिले. "काय खात होतीस तू?" ते ओरडले. राग नसताना ओरडायचा सराव त्यांना जमला नव्हता. हा आवाज वेगळा होता. बाहेर टाळ्या थांबल्या.

आई अगदी हळू म्हणाली, "तुमचंच."

त्या संध्याकाळी भाऊंनी माळ्यावरच्या, पलंगाखालच्या, फडताळातल्या सगळ्या बरण्या स्वतः खाली नेल्या आणि काळुरामच्या दारात मांडल्या. "तुमचं हृदय चांगलं आहे," ते म्हणाले. "सांभाळा."  ठमाबाईंनी दोन बरण्या आत घेतल्या, थोडा विचार केला, आणि पुन्हा बाहेर ठेवल्या. अखेर सगळं मिठागरावरच्या बायकांना गेलं. आपलं मीठ वंगाल झालेलं नाही, हे त्यांना अशा रीतीनं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ हंडे घेऊन नळावर उभे होते. गुणाजींनी थांबवायचा प्रयत्न केला तर भाऊ म्हणाले, "मी दाब सोडतोय." स्वयंपाक एकच व्हायला लागला, तोही अळणी. आई म्हणाली, मंदेला तरी वाढू द्या मीठ. भाऊ म्हणाले, तिच्यातही टिपणिसांचं रक्त आहे, आतापासून सवय होऊ दे. संध्याकाळी आई मासुंद्याला जायला तयार नसायची. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना नवरा-बायकोनं तळ्याकाठी फिरायचं, हे तिला पटेना. भाऊ जिन्याच्या तळाशी उभे राहून हाक मारत, तोवर सगळी चाळ गॅलरीत आलेली असे, मग तिला उतरावंच लागे. ती त्यांच्या चार पावलं मागे चाले. पावसाळ्यापर्यंत ते अंतर दोन पावलांवर आलं.

आणि भाऊ पहिल्यांदाच तिच्या समोर जेवायला बसू लागले. ती जेवायला बसेपर्यंत ते थांबत. तिच्या पानात काय आहे ते बघत. दोन पानं समोरासमोर, दोन्हींत वरची कड मोकळी. "झालो आपण दोघं देव," भाऊ म्हणायचे. आई म्हणायची, "जेवा मुकाट्यानं."

भाऊ आजोबांच्या वयापुढे गेले. काकांच्याही गेले. आईला त्यानंतर बरीच वर्षं मिळाली, डॉक्टर समेळांनी मोजली होती त्याहून जास्त. ती गेली तेव्हा भाऊ माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पानात, त्यांच्या जन्माच्या सवयीला स्मरून, चिमूटभर मीठ वाढलं. आता या वयात काय बिघडणार होतं? त्यांनी ते बोटानं हळूच ताटाच्या काठावर सारलं. "ती नसताना नवीन काही सुरू करू नकोस," ते म्हणाले.

गेल्या माघात भाऊ गेले. एक दिवस आजारी राहिले, टिपणिसांच्या रिवाजाला सोडून. तेराव्या दिवशी नैवेद्याचं पान माझ्या सुनेनं, जयानं वाढलं. खीर, वरणभात, अळूची भाजी, वडे. तिच्या माहेरची रीत वेगळी. तिनं पान पुढे ठेवलं, वरच्या मोकळ्या कडेकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, मीठ राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पान बरोबर आहे."

कोणीतरी आता कुरकुर करील म्हणून, जुन्या सवयीनं, मी थोडा वेळ थांबले. मग पानाभोवती पाणी फिरवलं.